माशीला वांझ करणारं जनुक जगभर पसरलं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: पी-एलिमेंट या उड्या मारणाऱ्या जनुकामुळे फळमाशीची संतती वांझ होते. तरीही काही दशकांत ते जगभरच्या रानमाश्यांत पसरलं. हे शक्य कसं झालं, नैसर्गिक निवडीने ते छाटून का टाकलं नाही? आणि जोडप्रश्न: प्रयोगशाळेत जुने स्टॉक, म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या बाटल्यांत जोपासलेले वाण, सांभाळणाऱ्याने रानातून माश्या धरून आणून त्यांच्याशी संकर करावा का?

जोडप्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, माझ्या हातून झालेल्या एका घोळासकट. आधी मूळ प्रश्न.

त्यात एक गृहीत दडलेलं आहे. जे माशीला अपाय करतं ते माश्यांच्या समूहात वाढू शकत नाही, असं आपण धरून चालतो. गुणसूत्रावर एकाच जागी स्वस्थ बसलेल्या जनुकाबाबत ते खरंही आहे. अशा जनुकाची एकच प्रत असलेल्या माशीच्या निम्म्या संततीला ती मिळते, निम्मीला नाही. समूहाची संख्या स्थिर असेल तर प्रत्येक माशीमागे सरासरी दोन मुलं तगून पुढे वीण करतात. त्यातल्या एकाकडे प्रत गेली, म्हणजे एकाचं एकच राहिलं. त्यात थोडासा जरी अपाय मिसळला तरी पिढ्यांमागून पिढ्या ते जनुक विरळ होत जाणार.

आता तेच जनुक जननपेशीत आपली आणखी एक प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर बसवतं असं धरा. दोन वेगळ्या गुणसूत्रांवरच्या दोन प्रतींपैकी निदान एक मिळण्याची शक्यता अर्ध्यावरून पाऊण होते. तीन प्रती असतील तर आठात सात. म्हणजे दोन मुलांमागे वाहक मुलं एकाऐवजी दीड, मग पावणेदोन. दोन प्रतींच्या माशीची प्रजननक्षमता एक तृतीयांशाने घसरली तरी जनुकाचा हिशेब बरोबरीत सुटतो. त्याहून कमी घसरली तर जनुक नफ्यात आणि माशी तोट्यात. प्रती वाढत गेल्या की ही सूट जवळजवळ निम्म्यापर्यंत जाते. डोनल हिकी यांनी १९८२ मध्ये हे गणित मांडलं. त्यातली अट एकच: जोडीदार बहुतेक वेळा जनुकाविना असला पाहिजे, म्हणजे समागमातून नवं घर मिळत राहतं. स्वतःशीच वीण करणाऱ्या किंवा अलैंगिक जीवांत हा धंदा चालत नाही. सगळा समूह वाहक झाला की फायदाही आटतो.

जाणकार वाचक इथे अडवतील. पी-एलिमेंट 'कापा आणि चिकटवा' पद्धतीने उडतं, एका जागेवरून सुटतं आणि दुसरीकडे बसतं. मग प्रती वाढतात कशा? उत्तर पेशीच्या दुरुस्तीयंत्रणेत आहे. एलिमेंट निघून गेलं की डीएनएत खिंडार पडतं. पेशी ते बुजवताना शेजारच्या भगिनी-धाग्यावरचा (त्याच गुणसूत्राच्या जुळ्या प्रतीवरचा) मजकूर उतरवून घेते, आणि त्या धाग्यावर एलिमेंट शाबूत असतं. थोडक्यात, चोर निघून गेल्यावर पेशी स्वतःच त्याच्या जागी त्याचीच नक्कल करून बसवते. कधीकधी ही उतरवणी अर्ध्यात सुटते आणि मधला भाग गळालेली लुळी प्रत तयार होते. या लुळ्या प्रतींकडे पुन्हा येऊ.

एवढ्यावर 'का छाटलं नाही' हे कळतं, पण वांझपणाची गोष्ट अर्धीच राहते. तो वांझपणा सरसकट नाही, आणि हेच या प्रकरणाचं मर्म आहे.

१९७७ मध्ये मार्गारेट किडवेल, जेम्स किडवेल आणि जॉन स्वेड यांनी एका विचित्र लक्षणसमूहाला हायब्रिड डिसजेनेसिस असं नाव दिलं. मराठीत संकरदोष म्हणू. रानातून धरलेला नर आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या वाणाची मादी यांची जोडी लावली की संततीत उत्परिवर्तनं वाढतात, गुणसूत्रं तुटतात आणि नरांत जनुकांची अदलाबदल होते. फळमाशीच्या नरात ही अदलाबदल एरवी होतच नाही. युइचिरो हिराइझुमी यांना १९७१ मध्ये टेक्सासच्या रानमाश्यांत ती दिसली तेव्हा भुवया उंचावल्या होत्या. आणि वाढ २९ अंशांच्या आसपासच्या उबेत झाली असेल तर मुलींची अंडाशयं खुरटतात. ज्याने हे भिंगाखाली पाहिलं आहे तो विसरत नाही. निरोगी मादीचं पोट उघडलं की पांढऱ्या अंड्यांचे दोन भरगच्च घोस दिसतात. इथे त्या जागी दोन पारदर्शक ठिपके. घाईची पद्धत म्हणजे मादीला दोन काचपट्ट्यांत दाबायचं आणि अंडं बाहेर येतं का ते पाहायचं. शेकडो माद्या अशा दाबल्या की संध्याकाळी जेवण जात नाही, पण आकडा चोख मिळतो.

जोडी उलटी लावा, म्हणजे मादी रानातली आणि नर प्रयोगशाळेतला, आणि यातलं काहीच घडत नाही. दोन्हीकडच्या मुलांना जनुकं तीच मिळालेली असतात. फरक एवढाच की ती बापाकडून आली की आईकडून. म्हणून दोष देणाऱ्या बापांच्या वाणांना पी आणि सोसणाऱ्या आयांच्या वाणांना एम म्हणू लागले: इंग्रजीतल्या पितृ आणि मातृ या शब्दांची आद्याक्षरं. आई आपल्या अंड्यातून जनुकांशिवाय आणखी काहीतरी देते हे उघड होतं. त्याला सायटोटाइप म्हणत, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं हा शब्द अज्ञानावर घातलेलं पांघरूण होता.

गुन्हेगार १९८२ मध्ये हाती लागला. रुबिन, किडवेल आणि बिंगहॅम यांनी संकरदोषातून डोळ्यांचा रंग बिघडलेल्या माश्या घेतल्या आणि त्यांच्या 'व्हाइट' जनुकात घुसलेला डीएनएचा तुकडा वेगळा काढला. पूर्ण लांबीचं पी-एलिमेंट फक्त २,९०७ बेसजोड्यांचं, म्हणजे डीएनएच्या २,९०७ अक्षरांचं असतं. दोन्ही टोकांना एकमेकांची उलटी प्रतिमा असलेले ३१ अक्षरांचे तुकडे आणि मध्ये एकच काम करणारं जनुक, ट्रान्सपोजेज, म्हणजे स्वतःला कापून हलवणारं विकर. त्यातली खुबी अशी की हे विकर पुरतं तयार होतं ते फक्त जननपेशींत. शरीराच्या बाकीच्या पेशींत संदेश-आरएनएतला एक इन्ट्रॉन, म्हणजे एरवी कापून टाकायचा मधला तुकडा, कापलाच जात नाही आणि त्यापासून अपुरं प्रथिन बनतं. ते उडी मारायला मदत करत नाही, उलट रोखतंच. परिणामी माशीचे पंख, मेंदू, स्नायू सुरक्षित राहतात. ती धडधाकट वाढते, जोडीदार शोधते, वीण करते. उपद्रव होतो तो फक्त पुढच्या पिढीत जाणाऱ्या पेशींत, जिथे उडी मारण्यात एलिमेंटचा स्वार्थ आहे.

आता वांझपणाच्या अटी एकत्र मांडून पाहा. बाप पी हवा, आई एम हवी, हवा तापलेली हवी आणि बापाकडे प्रती बऱ्याच हव्यात. नव्या प्रदेशात एलिमेंट पोचतं तेव्हा एखाद-दोन प्रतींनिशी पोचतं, म्हणजे सुरुवातीला वांझपणा नगण्यच. थंड ऋतूत जन्मलेल्या पिढ्या जवळजवळ सहीसलामत सुटतात. शिवाय २०११ मध्ये दिसून आलं की दोष फार तीव्र नसेल तर तरुणपणी वांझ असलेल्या माद्या वय वाढल्यावर पुन्हा अंडी घालू लागतात. त्या स्वतःच संरक्षण उभं करतात. प्रयोगशाळेत आपण सर्वांत वाईट जोडी सर्वांत वाईट तापमानाला लावतो आणि जो आकडा येतो तोच रानावर चिकटवतो. प्रश्नातला विरोधाभास बराचसा इथून आलेला आहे.

पी-एलिमेंट पसरलं हे तरी कशावरून? यावर खरा वाद झाला होता. १९५० च्या आधी रानातून धरून बाटल्यांत वाढवलेल्या वाणांत पी-एलिमेंट नव्हतं आणि १९८० च्या सुमारास धरलेल्या जवळजवळ सगळ्या रानमाश्यांत ते होतं. किडवेल म्हणाल्या, ते नुकतंच रानात शिरलं. दुसरा पक्ष म्हणाला, रानात ते पहिल्यापासून आहे. बाटल्यांतल्या लहान समूहांतून ते कालांतराने गळून गेलं. दोन्ही बाजूंनी आकडे तेच, अर्थ उलटे. जुन्या बाटल्या भूतकाळाचं चित्र आहेत की बिघडलेलं भिंग आहेत, असा हा पेच होता. कॅन्टन-एस, ओरेगॉन-आर हे वाण १९५० च्या कितीतरी आधीचे. ते पाळणाऱ्यांच्या मनात असला प्रश्नही आला नव्हता. तरी त्यांच्या बाटल्यांनी जो पुरावा राखून ठेवला तसा मुद्दाम योजून राखता आला नसता. मला यात नेहमी गंमत वाटते: स्टॉक टिकवणं हे प्रयोगशाळेतलं सर्वांत कंटाळवाणं, बिनश्रेयाचं काम.

निकाल लागला तो नात्यागोत्याच्या पुराव्यावर. मेलानोगॅस्टर, म्हणजे आपली ही फळमाशी, हिच्या अगदी जवळच्या भावंड-प्रजातींत, सिम्युलान्स धरून, तेव्हा पी-एलिमेंट नव्हतं. पण मध्य आणि दक्षिण अमेरिकेत राहणाऱ्या ड्रोसोफिला विलिस्टोनी या दूरच्या नातलगात ते होतं, आणि १९९० मध्ये वाचून पाहिलं तेव्हा २,९०७ अक्षरांत मेलानोगॅस्टरच्या एलिमेंटपासून फक्त एका अक्षराचा फरक निघाला. या दोन प्रजातींचे पूर्वज काही कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्यांची नेहमीची जनुकं इतकी सारखी असूच शकत नाहीत. आईबापांकडून नव्हे, तर आडव्या वाटेने, एका प्रजातीतून दुसरीत हे जनुक आलं. फळमाशी मूळची आफ्रिकेतली, माणसाच्या पाठोपाठ जहाजांतून अमेरिकेत पोचलेली. त्याआधी तिची आणि विलिस्टोनीची गाठच पडली नव्हती.

आडवी वाट नेमकी कोणती? प्रॉक्टोलेलॅप्स रेगॅलिस या सूक्ष्म कोळीवर्गीय माइटवर संशय आहे. तो एका अंड्यात सुईसारखं तोंड खुपसतो, जरा रस शोषतो आणि लगेच शेजारच्या अंड्याकडे वळतो. पी माश्यांच्या बाटल्यांत वाढलेल्या माइटांत पी-एलिमेंटचा डीएनए सापडल्याचं १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. वाट शक्य आहे एवढंच यातून सिद्ध होतं. 'माइटने जनुक पसरवलं' असं ठामपणे लिहिलेलं वाचलं की मी पान उलटतो. असा प्रसंग एकदा घडला तरी पुरे. त्यानंतरचं काम मघाचं गणित करतं.

आणि ते आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडलं. सिम्युलान्स पी-विना असते हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य होतं. २०१५ मध्ये कोफ्लर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की २०१० मध्ये फ्लोरिडात आणि २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत धरलेल्या सिम्युलान्समध्ये ते शिरलेलं आहे. या वेळी दाता होती मेलानोगॅस्टर. सिम्युलान्समधल्या प्रतींत २,०४० व्या जागी एक विशिष्ट बदल दिसतो, आणि तोच बदल मेलानोगॅस्टरमधल्या मोजक्याच प्रतींत आहे. एकाच ठिणगीने वणवा पेटल्याची ही खूण. फ्लोरिडाच्या त्या माश्या पुढे प्रयोगशाळेत दोन तापमानांना वाढवल्या. उबदार समूहात एलिमेंट वीसेक पिढ्यांत सुमारे १५ प्रतींपर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं. थंड समूहात ते सावकाश चढत राहिलं.

ते थांबलं कशामुळे? सायटोटाइपचं पांघरूण इथे निघतं. माशीच्या जननपेशींत साधारण २३ ते २९ अक्षरांचे पीआय-आरएनए नावाचे तुकडे असतात. ते पीवी जातीच्या प्रथिनांना जुळणारं लक्ष्य दाखवतात आणि मग त्या एलिमेंटचा आरएनए कापला जातो किंवा त्याचं जनुकच बंद केलं जातं. आई हे तुकडे अंड्यात भरून देते. ज्या आईकडे पी-एलिमेंटविरुद्धचे तुकडे आहेत तिची मुलं जन्मतःच सज्ज असतात. २००८ मध्ये ब्रेनेके आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं आणि जोडी उलटवल्यावर दोष का नाहीसा होतो याचा खुलासा झाला. बाप शुक्रपेशीतून एलिमेंट देऊ शकतो, पण हे संरक्षण देऊ शकत नाही.

हे तुकडे येतात कुठून? जुन्या मेलेल्या एलिमेंटांनी भरलेल्या काही ठरावीक पट्ट्यांतून. हे पट्टे जीनोमच्या, म्हणजे माशीच्या एकूण डीएनएच्या, सुमारे साडेतीन टक्के आहेत. नवं एलिमेंट उड्या मारता मारता चुकून अशा पट्ट्यात पडलं की त्याच्याविरुद्धचे तुकडे तयार होऊ लागतात. स्वैर उड्या धरल्या तर २० प्रती होईपर्यंत निदान एक सापळ्यात सापडण्याची शक्यता निम्म्याच्या जरा वर जाते. प्रयोगातला पंधराचा आकडा त्याच पट्टीतला आहे. चित्र इतकं सुबक आहे की मला त्याची थोडी भीतीच वाटते. पी-एलिमेंट स्वैर बसत नाही. जनुकांची सुरुवात आणि गुणसूत्रांची टोकं त्याला प्रिय. त्यात २०२१ मध्ये यातले मोठे पट्टे उडवून पाहिले तर जुनी एलिमेंटं फारशी जागी झालीच नाहीत. बंदोबस्त सुरू कसा होतो आणि पुढे टिकतो कसा, ही बहुधा दोन वेगळी उत्तरं आहेत.

मघाच्या लुळ्या प्रतींचाही यात हात असतो. केपी नावाची सुमारे १,१५० अक्षरांची गळकी प्रत स्वतः विकर बनवत नाही, पण दुसऱ्याच्या विकरावर फुकट उडते आणि त्याच्या कामात अडथळाही आणते. परजीवीवरचा परजीवी. युरोप-आशियातल्या बऱ्याच समूहांत तिचीच गर्दी आहे.

पी-एलिमेंट प्रसिद्ध झालं म्हणून ते अपवाद मात्र नव्हे. आनुवंशशास्त्रज्ञ मॉर्गन यांना १९१० मध्ये सापडलेली पांढऱ्या डोळ्यांची ती माशीसुद्धा डॉक नावाच्या फिरत्या जनुकामुळेच पांढऱ्या डोळ्यांची झाली होती. गेल्या काही वर्षांत संग्रहालयांत टाचून ठेवलेल्या, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या माश्यांचा डीएनए वाचला गेला. ब्लड, ओपस आणि ४१२ ही एलिमेंटं त्यांत नाहीत, १९३० च्या दशकातल्या माश्यांत आहेत. त्यानंतर तिरांत, आय, होबो, पी, आणि १९८३ ते १९९३ च्या दरम्यान स्पोइंक. हे शेवटचंही विलिस्टोनीच्या गोतातून आलेलं दिसतं. दोनशे वर्षांत इतक्या स्वाऱ्या हा नेहमीचा वेग असता तर जीनोम केव्हाच तुंबला असता. माझ्या मते कारण आपण आहोत: फळांबरोबर माश्या हलवून आपण अनोळखी प्रजातींना एकाच सडक्या फळावर आणून बसवलं. संग्रहालयांतल्या आणखी माश्या वाचल्या गेल्या तर कदाचित हे मत बदलावंही लागेल.

आता जोडप्रश्न. रानातल्या माश्या आणा, पण वेगळ्या रॅकवर, वेगळ्या ब्रशने हाताळा आणि माइट दिसला की ती बाटली बाद करा. संकर करायचाच असेल तर पहिल्या जोडीत मादी रानातली घ्या, नर तुमच्या स्टॉकचा, आणि वाढ २१ अंशांच्या खाली ठेवा. पुढच्या पिढ्यांतही रानाचा वारसा मादीकडूनच न्या. पहिल्या पिढीतला नर पुन्हा जुन्या स्टॉकच्या मादीला लावलात की दोष परत हजर. आणि सिम्युलान्सची मादी मेलानोगॅस्टरच्या मादीपासून नजरेने जवळजवळ ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक रानमादीचा वेगळा वंश लावून तिच्या मुलग्यांच्या जननांगांवरून प्रजाती पक्की करा.

माझा घोळ असा. नवखा असताना रानातला एक नर निसटून एका जुन्या एम वाणाच्या बाटलीत शिरला. मला पत्ता लागला नाही. बाटली २५ अंशांच्या कपाटात होती, त्यामुळे वांझपणा नजरेत भरण्याइतका नव्हताच. काही पिढ्यांनी त्या वाणात वाकडे पंख, आखूड केस असे नवे नमुने दिसू लागले आणि मी आनंदाने वहीत उत्परिवर्तनं नोंदवत बसलो. पाच-सहा झाल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने वही पाहिली, बाटली उचलली आणि म्हणाले, "हिच्या पोरी २९ अंशांना वाढव आणि दाब." नंतर पीसीआरने, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा हुडकणाऱ्या चाचणीने, खात्री झाली. त्या वाणाची दुसरी प्रत दुसऱ्या खोलीत होती म्हणून वाण वाचला. तेव्हापासून प्रत्येक एम स्टॉकच्या दोन प्रती दोन खोल्यांत ठेवतो आणि वर्षातून एकदा दोन्हींची पीसीआर करतो.